मिटलेली बोंडं

तीळबाईचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा, फोन आला की थोरला उभा राहून बोलायचा. बसून बोललं तर आवाज इतक्या लांब पोचत नाही, असं त्याचं पक्कं मत. बायकोने किती वेळा सांगितलं, "अहो, हळू, वन्संच्या कानाचे पडदे फाटतील," पण ऐकेल तर शपथ.

"एक दाणा खाली नाही!" तो अंगणात उभा राहून ओरडत होता. "एक दाणा नाही गं धाकटे! शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बघ, जमीन नुसती पांढरी झालीय. आणि आपलं पीक उभंच्या उभं!"

पलीकडून धाकटी हसली. साठीला टेकलेली बाई, मोठ्या संशोधन केंद्रातली शास्त्रज्ञ, पण भावाशी बोलताना हसायची ती परकरातल्या पोरीसारखी.

आठवडाभर कोरडा, गरम वारा सुटला होता. ओठ उलत होते, दारं आपटत होती, दोरीवरचे कपडे उडून बांधापलीकडे जाऊन पडत होते. तिळाला असा वारा म्हणजे काळच. बोंड वाळलं की ते टोकाकडून आपणहून उघडतं, आणि वाऱ्याने झाड हललं की आतला माल जमिनीवर. म्हणून बोंडं पिवळी पडता पडता घाईघाईने कापायचं, पेंढ्या बांधून उभ्या करायच्या, वाळल्या की ताडपत्रीवर उलट्या करून झटकायच्या. त्या दिवसांत घरातल्या कुणी आजारी पडायचं नसतं. माणसं मिळाली नाहीत, दोन दिवस उशीर झाला, की संपलं.

यांच्या लहानपणी तसं एकदा झालं होतं. आई तापाने अंथरुणाला खिळली आणि कापणी राहिली. उठता यायला लागल्यावर ती शेतात गेली आणि माती सुपात भरून पाखडत बसली. तीळ कमी आणि खडे जास्त. मुंग्यांची मात्र चंगळ. धाकटी शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, "आई, हे फुटतं कशाला?"

आई थकलेली. म्हणाली, "त्याला त्याची पोरं जमिनीत सोडायची असतात बाई. आपल्या डब्यात भरायची नसतात."

दुसऱ्या कुणा पोरीचं एवढ्याने समाधान झालं असतं. हिने त्या प्रश्नावर अख्खं आयुष्य काढलं.

ती शिकून डॉक्टर झाली तेव्हा गाव खोकला-पडसं घेऊन दारात आलं. "मी माणसांची नाही, झाडांची," तिने सांगितलं. झाडांना काय होतं, असं एका म्हाताऱ्याने विचारलं. "तिळाचं पोट फुटतं," ती म्हणाली. गाव पोट धरून हसलं आणि तेव्हापासून ती तीळबाई झाली. तिलाही ते नाव आवडायचं. पुढे कुठल्याशा परदेशी सभेत स्वतःची ओळख करून देताना तिने तेच सांगितलं होतं म्हणे.

तिचं काम थोरल्याला कळायचं ते त्याच्या बायकोमुळे. वहिनी गावातल्या बायकांचे कपडे शिवायची, म्हणून धाकटीने तिला शिवणकामात समजावलं होतं. बोंडाला शिवण असते. शिवणीवर पेशींची एक रांग असते, ती वाळली की आखडते आणि शिवण उसवते. ती रांग तयार कर, असा हुकूम झाडाच्या आतून निघतो. तो हुकूम देणारं जनुक कोणतं, हे धाकटीने शोधलं. त्यात तिचे केस पांढरे झाले. मग हजारो झाडांत एक असं झाड सापडलं, की ज्यात ते जनुक जन्मतःच बिघडलेलं होतं. त्याच्या बोंडाची शिवण उसवतच नव्हती. त्या झाडाचा चांगल्या तिळाशी संकर, पुन्हा संकर, पुन्हा संकर. दर वर्षी ती केंद्राच्या शेतात जाऊन रोपांच्या पानांचे टिकलीएवढे तुकडे खुडायची आणि बारक्या नळ्यांत भरून, वर चिठ्ठी चिकटवून न्यायची; बोंड लागायची वाट न बघता पानावरूनच जनुक ओळखता यायचं. "शेळी परवडली," थोरला ऐकून म्हणायचा, "ती निदान चिठ्ठी चिकटवत नाही."

तिचा पहिला लेख तीन ठिकाणांहून परत आला होता. तिळात कुणाला रस आहे, असं म्हणाले. चौथ्या ठिकाणी छापून आला आणि मग मोहरीवाले जागे झाले, त्यांच्याही शेंगा तडकत होत्या. मग वाटाण्यावाले, मग आणखी कोण कोण. पुढे एकदा जेवताना ती सहज बोलून गेली, की त्या एका लेखाच्या आधाराने जगात हजारभर लेख लिहिले गेलेत.

थोरल्याचा घास हातात राहिला. "म्हणजे तुझ्या विहिरीवर हजार लोकांनी पंप बसवले? आणि तू गप्प बसलीस?"

"अरे दादा, तेच तर हवं असतं."

"धन्य आहे तुमची!"

पण ती नंतर गंभीर झाली होती. "लेख झाले रे. पण आईसारख्या बाईच्या शेतात अजून तेच तीळ फुटतायत. एक वाण बाहेर पडू दे माझा. मग मी निवृत्त व्हायला मोकळी."

तो वाण आता थोरल्याच्या शेतात उभा होता. केंद्रात जी चाचणी व्हायची ती झाली होती. शेवटची पाहणी खऱ्याखुऱ्या शेतकऱ्याच्या शेतात करायची होती. समिती येणार, उभं पीक बघणार, झटकणी बघणार, आणि पास म्हटलं की बियाणं गावोगाव जाणार. थोरल्याने हौसेने जवळजवळ सगळं शेत तिला देऊन टाकलं. विहिरीकडचे दोन पट्टे तेवढे वहिनीने हट्टाने जुन्या तिळाचे ठेवले. "असू द्या. सगळी अंडी एका टोपलीत कशाला," ती म्हणाली. थोरला तिच्यावर दोन दिवस रुसला होता.

या वाऱ्याने त्याची छाती फुगली. जुने पट्टे घाईत कापावे लागले, शेजाऱ्याचे अर्धे तीळ गळाले, आणि धाकटीचं पीक मात्र वाळून खडखडीत होऊनही जागच्या जागी. समितीला दाखवायला थोडं पीक उभं ठेवून बाकीची कापणी त्याने निवांत, दुपारी झोपा काढत केली. शेजाऱ्याला मुद्दाम बांधावर बोलावून दाखवलं. वहिनी म्हणाली, "पुरे आता. दृष्ट लावून घ्याल."

समिती यायच्या चार दिवस आधी त्याने ताडपत्री पसरली. म्हटलं, आपण आधी एक पेंढी झटकून बघू.

त्याने पेंढी उलटी धरली आणि झटकली. आवाज झाला, सुक्या पानांचा. खाली पानं पडली. त्याने पुन्हा झटकली. मग बुडाशी काठीने हलकेच ठोकली, लहानपणापासून ठोकत आला तशी. चार दाणे पडले.

"ओली असेल," वहिनी म्हणाली.

"ओली? हाताला टोचतेय."

त्याने दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग काठी नीट पकडून झोडपायला लागला. बोंडं तुटून पडायला लागली, अख्खीच्या अख्खी, तोंड मिटलेली. वहिनीने एक बोंड नखाने उकलून पाहिलं तर आत तीळ ओळीने बसलेले, टपोरे, सुरेख. तिने मूठभर बोंडं जात्यावर दाणे भरडावेत तशी दगडाखाली रगडली. फुटली खरी, पण तीळही फुटले. टरफलाचा भुगा, ठेचलेले तीळ, सगळ्याचा तेलकट चिखल तिच्या तळहाताला लागला.

दिवस कलेपर्यंत दोघं झोडपत होती. थोरल्याच्या खांद्यातून कळा निघाल्या, हाताला फोड आले. निघालं काय, तर एक लहान डबा, तोही निम्मा कचऱ्याचा. शेजारी बांधावर येऊन उभा राहिला. त्याचं नुकसान झालेलं, मग तो कशाला संधी सोडतो?

"काय हो, कुलूप लावून दिलंय का बहिणीने? किल्ली मागून घ्या की!"

थोरल्याने पुढची पेंढी ओढली.

संध्याकाळी वहिनी त्याच्या खांद्याला तेल चोळत म्हणाली, "वन्संना आत्ताच फोन करा. त्यांना ठाऊक नसणार हो. त्यांच्याकडे मळणीचं यंत्र आहे, ते बोंडाचा पार चुरा करतं. त्यांनी हाताने कधी झटकलंच नसेल."

"मला कळत नाही का?"

"मग सांगा ना."

त्याने फोन लावला. उभा राहिला. पण तो काही बोलायच्या आत धाकटीच सुरू झाली. समितीची प्रमुख कोण आहे माहीत आहे का? तिचीच विद्यार्थिनी! हिच्या हाताखाली पहिलं जनुक बघायला शिकलेली, आता केवढी मोठी झाली. "तिच्यासमोर परीक्षा द्यायची म्हणजे बघ. दादा, दोन दिवस घास गिळवत नाही मला. आई असती तर..." आणि ती थांबली.

थोरल्याचा जीव तीळ तीळ तुटला. "तू ये तर," तो म्हणाला. एवढंच. आणि बसून घेतलं.

वहिनी बघत राहिली. तो बसून फोनवर बोलल्याचं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीकडच्या जुन्या पेंढ्यांपाशी गेला. धाकटीने तिच्या वाणाच्या पेंढ्यांना लाल दोरा बांधायला सांगितलं होतं. त्या पेंढ्या त्याने दोरे सोडून गोठ्यामागे झाकून ठेवल्या होत्या, आणि आता तेच लाल दोरे तो जुन्या पेंढ्यांना बांधायला लागला. वहिनी मागून आली.

"हे काय चाललंय?"

"दिसत नाही?"

"अहो, ही लबाडी आहे."

"कुणाचं वाईट करतोय मी? उभं पीक खरंच उभं आहे ना? मग झटकणीचं तेवढं बघून घेऊ पुढे. चार माणसांत, तिच्या त्या पोरीसमोर तिचं हसं होऊ देऊ? आयुष्यभर केलंय तिने हे." त्याने दोऱ्याची गाठ आवळली. "तू गप्प बस फक्त."

वहिनी गप्प बसली. पण त्या दिवशी तिने एकाच झंपराची एकच बाही तीनदा उसवली.

समिती ठरल्या दिवशी सकाळी आली. तिघं होते. प्रमुख बाई, एक उंच चष्मेवाला, आणि बियाणं खात्याचा अधिकारी, जो गाडीतून उतरल्यापासून सावली शोधत होता. धाकटी मागच्या सीटवरून उतरली ती थेट शेतात. उन्हाची टोपी, पायात बूट, आणि चेहरा पोरीचा. न कापलेल्या झाडांमध्ये ती शिरली, गदागदा हलवली, आणि खाली बसून जमीन दाखवली. दाणा नव्हता. चष्मेवाल्याने स्वतः बसून पाहिलं. शेजाऱ्याच्या शेतातही जाऊन आले, तिथे मुंग्यांची रांग लागलेली. प्रमुख बाईंचे डोळे चमकले.

"मॅडम, आम्ही हे फक्त तुमच्या लेखात वाचत आलो. शेतात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

"अजून झटकणी राहिलीय," धाकटी म्हणाली, पण तिला हसू आवरत नव्हतं. "दादा, दाखव."

थोरल्याने लाल दोऱ्याची पेंढी उचलली. त्याने ती ताडपत्रीवर उलटी केली आणि एकदाच झटकली. सर्रकन तीळ ओघळले. पांढरा ढीग झाला. अधिकारीसुद्धा सावलीतून पुढे आला. चष्मेवाल्याने टाळी वाजवली, आणि प्रमुख बाईंनी पुढे होऊन धाकटीचा हात हातात घेतला.

थोरल्याने बहिणीकडे पाहिलं. क्षणभर ती नुसती आनंदाने फुलली. मग तिने खाली वाकून रिकामी पेंढी उचलली. एक बोंड डोळ्यांजवळ धरलं. टोकाशी ते चोचीसारखं उघडलेलं होतं. दुसरं पाहिलं. तिसरं. तिने अंगठ्याने शिवण चाचपली, आणि तिचा अंगठा तिथेच थांबला.

पोटच्या पोराला आई गर्दीत ओळखते, यात नवल नाही. गर्दीतून दुसरंच पोर आणून पुढे उभं केलं तरी ती ओळखणारच की! हे थोरल्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"दादा," ती हळू म्हणाली, "माझे कुठेत?"

"हेच की."

"हे उघडलेत. माझे उघडत नाहीत." आणि हे बोलता बोलताच तिला पुढचं कळलं. थोरल्याने ते तिच्या चेहऱ्यावर येताना पाहिलं. उघडत नाहीत, म्हणजे पडत नाहीत. शेतात पडत नाहीत आणि ताडपत्रीवरही पडत नाहीत. तिने त्याच्या तळहातांकडे पाहिलं, फोड फुटून लाल झालेल्या. मग वहिनीकडे. वहिनीने मान खाली घातली.

कुणालाच काही कळलं नव्हतं. प्रमुख बाईंनी कागद काढला होता. अधिकारी पाणी मागत होता. धाकटी एक शब्द बोलली नसती तरी वाण पास होता, हे थोरल्याला दिसत होतं, आणि त्याने डोळ्यांनी तिच्या विनवण्या केल्या. नको. नको बोलूस. माझ्यासाठी नको.

"थांब," ती आपल्या विद्यार्थिनीला म्हणाली. "हे तीळ माझे नाहीत. पेंढ्या बदलल्या गेल्यात."

थोरल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वहिनी न बोलता गोठ्यामागे गेली आणि झाकून ठेवलेली एक पेंढी घेऊन आली. धाकटीने ती स्वतः घेतली. उलटी धरली, झटकली. पाला पडला. पुन्हा झटकली. तिने काठी मागितली, ठोकलं, मग झोडपलं, टोपी खाली पडली, केस सुटले, तरी झोडपत राहिली. बंद बोंडं ताडपत्रीवर उड्या मारत होती. शेवटी ती धापा टाकत थांबली.

"मी आयुष्यभर जमिनीवर किती पडले तेच मोजत बसले," ती म्हणाली. "कधीतरी पडायलाही हवेत, हे विसरले."

प्रमुख बाईंचा चेहरा रडवेला झाला. "मॅडम, यंत्राने मळणी होते ना? तशी अट घालून देते मी. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी लावावा."

"ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांच्याकडे वेळेवर कापणारी माणसंही असतात. मी हे ज्यांच्यासाठी केलं, त्यांच्याकडे दोन्ही नाही."

"पण तुम्ही निवृत्त होताय. पुन्हा संधी..."

"नापास लिही."

विद्यार्थिनीचं पेन हलेना.

"काय शिकवलंय मी तुला? दिसलं ते लिहायचं. लिही बाळ."

तिने लिहिलं. मग वाकून धाकटीच्या पाया पडली आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसली. धाकटीला त्यांच्याबरोबर जायचं होतं, पण ती गेली नाही. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत ती ताडपत्रीवर उभी होती, आणि मग भावाकडे वळली.

"लाज वाटली नाही तुला?"

थोरला ताडपत्रीवरचा पाला गोळा करायला लागला.

"ते बियाणं गावोगाव गेलं असतं दादा. प्रत्येक घरात असे हात झाले असते." तिने त्याचं मनगट धरून तळहात वर केला. "आणि त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या. द्यायलाच हव्या होत्या. तू मला वाचवत होतास?"

"तुझं हसं झालेलं मला बघवलं नसतं," तो म्हणाला. साठी कधीच ओलांडलेला तो माणूस, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "तू फोनवर इतकी खूश होतीस. मी काय करू?"

"सांगायचं! ओरडून सांगायचं, एरवी ओरडतोस तसं!" असं म्हणून ती स्वतःच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. त्याचा दुखरा खांदा होता तो. त्याने दात आवळले, पण खांदा काढून घेतला नाही.

वहिनीने चहा आणला. तिघं ताडपत्रीवरच बसली. चहा संपला तशी धाकटी जवळची बंद बोंडं उचलून नखाने एकेक उकलायला लागली, आणि वहिनीही तिच्याबरोबर उकलायला लागली.

"पुढच्या वर्षी काय पेरायचं?" थोरल्याने विचारलं.

"जुनं पेर. सगळं जुनं."

"आणि तुझं?"

"माझं नापास झालं ना?"

"मग? नापास झालं म्हणून पोराला कुणी घराबाहेर काढतं का?" तो म्हणाला. "विहिरीकडे दोन ओळी देतो तुला. केंद्र सुटलं तर सुटलं."

धाकटीने नाक पुसलं. तिने हातातलं बोंड उजेडात धरलं, आणि तिच्या कपाळावर ती आठी आली, जी थोरल्याने ती पोर असल्यापासून पाहिली होती.

"दोन ओळींत काय होतंय? शिवण अर्धी उसवायला हवी. वाऱ्याने नाही, पण माणसाने झटकलं तर. पहिल्यापासून संकर करावे लागतील. पट्टा तरी हवा अख्खा."

"अख्खा पट्टा?"

"दोन असले तर बरं."

"बघा बघा! आत्ता रडत होती!" थोरला बायकोकडे वळून ओरडला. "हातावर दिलं तर खांद्यावर चढतेय ही! माझ्या तिळाचं काय मग? खायचं काय आम्ही?"

"अहो, हळू," वहिनी म्हणाली. "दोन द्या. आणि त्या अर्ध्या उसवलेल्या शिवणीचं माझ्याशी बोला वन्सं, ते मला कळतं."